ॲप शाळेनंच दिलंय, मग बंद कसं करू?

शाळा सुरू झाल्या की पालकांकडून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. घणसोलीतून येतो, खारघरमधून येतो, घोडबंदर रोडवरच्या टॉवरांतून येतो. "मॅडम, मोबाइल देऊ नका म्हणता, पण ज्युनियर केजीचं ॲप शाळेनंच दिलंय. रोज तारे मिळवायचे असतात. नाही केलं तर मागे पडेल, केलं तर हातातून सुटत नाही."

कोपरखैरणेचं एक कुटुंब सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. मल्हार साडेचार वर्षांचा. आई ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये, बाबा रोज ठाण्याला गाडी बदलून पुढे. आजोबांची हयात वाशीच्या मार्केटात माथाडी कामात गेली. दिवसभर घरी आजी. संध्याकाळी पाच ते सात टॅब मल्हारकडे, कारण तीच आजीची स्वयंपाकाची वेळ.

आईची तक्रार, टॅब काढला की लोळण. बाबांची वेगळी: "याला सगळं येतं. शंभरपर्यंत आकडे, भाज्यांची इंग्रजी नावं, शेप्स. मग वर्गात उत्तर देत नाही असा शेरा कसा येतो?"

मी मल्हारला ते ॲप खेळायला सांगितलं आणि नुसतं पाहिलं. तीन चित्रं, त्यातल्या टोमॅटोवर बोट ठेवायचं. मल्हार तिन्ही चित्रांवर टपाटप बोटं मारत होता. चुकलं तर फक्त 'टुंग' वाजतं, बरोबर आलं की टाळ्या आणि तारा. म्हणजे विचार न करताही तारा पक्का. आजीच्या पिशवीत येता येता घेतलेली मेथीची जुडी होती. ती पुढे करून "हे काय?" विचारलं, तर त्यानं टॅबकडे पाहिलं.

बाबा जरा गप्प झाले. मग, "किती मिनिटं द्यायचा ते सांगा ना."

आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं की 2 ते 4 वर्षांच्या मुलाला बसून पडदा पाहायला दिवसाला 1 तासाच्या वर नको, कमी तितकं चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची शिफारसही तशीच, आणि 2 वर्षांखाली जवळपास नाहीच. लांबच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. पण हा तास म्हणजे कमाल मर्यादा, रोज पुरा करायचा कोटा नव्हे. शिवाय मिनिटं मोजणाऱ्या घरांत एक गोष्ट सुटते: मूल त्या वेळात कोणाशी बोललं? पडद्यावर शिकलेलं हातातल्या वस्तूला लावणं लहान मुलांना अवघड जातं. दोन-अडीच वर्षांच्या मुलांत हे सगळ्यात ठळक दिसतं, पुढेही पुरतं जात नाही. तो दुवा शेजारी बसून बोलणारा माणूस जोडतो. ॲप उत्तर देतं ते बोटाला, मुलाला नाही.

मग मी आजींकडे वळले. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय बी कळत नाही."

"कळायची गरज नाही. टॅब दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवायचा, मांडीत नाही. आवाज बंद. त्यानं बोट लावायच्या आधी विचारायचं, हे कुठं पाहिलंस? तो बोलला की मगच बोट."

आवाज बंद यासाठी की ॲपच्या टाळ्या आजीच्या प्रश्नाच्या आधी वाजतात, आणि टाळ्यांपुढे आजीचं काही चालत नाही. वेळ साडेचारची, पंधरा मिनिटं. स्वयंपाकाच्या आधी, स्वयंपाकाच्या बदल्यात नव्हे.

पुढच्या भेटीत आजी खुर्चीत टेकायच्या आतच बोलू लागल्या. "वांगं आलं. मी म्हटलं, हे जांभळं, पण आमच्याकडं हिरवं काटेरी असतंय की. हा म्हणतो नाही, वांगं जांभळंच. मग फ्रीजमधनं हिरवं काढलं, दिलं हातात." मल्हारनं देठाचा काटा टोचून पाहिला, वांगं टॅबच्या चित्राशेजारी ठेवलं, बराच वेळ दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आजी, ह्याला माहीतच नाही!"

मला यात सगळं आलं. तोवर टॅब विचारणारा होता, मल्हार तारे गोळा करणारा. आता टॅबला काय येत नाही हे मल्हारला कळलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यानं वर्गात हात वर केला, असं मिसनी कळवलं. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. आजी शेजारी बसली की असं होताना मी अनेकदा पाहिलं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला (तेव्हा ती ठाणे जिल्ह्यातच होती) लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, ते पानं, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंच्या जोरावर. टॅबही त्याच टोपलीत एक साधन म्हणून ठेवता येतो.

त्यासाठी नवं ॲप विकत घ्यावं लागत नाही, फोनमधला कॅमेरा पुरतो. मल्हारला रोज तीनच फोटो काढायचे होते, आणि रात्री आईला त्यांची गोष्ट सांगायची. आईनं ती रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवायची. स्वतःचा आवाज ऐकून मुलं कधी कधी आपली वाक्यं आपणच दुरुस्त करतात. तीनच का? अमर्याद दिले तर तो गॅलरीत बोट सरकवत बसतो.

पाच ते सातचं काय? तिथं मेथी निवडणं, मटार सोलणं, कणकेचा गोळा. "अर्ध्या काड्याच भाजीत जातात," आजींचा आक्षेप रास्त आहे. जाऊ द्यात.

लोळण पहिले काही दिवस वाढते. नेमकं तेव्हाच एकदा "बरं, आजच्या दिवस" म्हटलं, की जोरात रडल्यावर मिळतं हा धडा पक्का होतो. "पाच मिनिटांत बंद" या वयाला कळत नाही. "हा डाव संपला की बंद" कळतं. त्यासाठी डावाला शेवट हवा, म्हणून व्हिडिओ आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करा. अँड्रॉइडवर ॲप पिन करा, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस सुरू करा. म्हणजे पडदा त्याच ॲपवर अडकून राहतो, मूल दुसरीकडे भटकत नाही. गोष्टीच्या ॲपमध्ये ससा, झाड, ढग सगळंच बोट लावताच नाचत असेल तर ते टाळा. मुलाला ससा आठवतो, गोष्ट नाही. जेवताना नको, झोपेआधीचा तास नको.

शाळेशी भांडू नका, विचारा. एका पडद्याभोवती किती मुलं बसतात? किती वेळ? त्यानंतर हातानं काय करतात? 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात 3 ते 8 वर्षांसाठी खेळावरच भर आहे, त्यामुळे प्रश्न अवाजवी नाही. मल्हारच्या मिसनी ताऱ्यांऐवजी आठवड्याचा एक फोटो चालवून घेतला.

एक मात्र वेगळं ठेवा. चार वर्षांचं मूल हाकेला वळत नसेल, नजर देत नसेल, वाक्य जोडत नसेल, तर आधी कान तपासा आणि मुलांच्या विकासाचं खास काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा. "मोबाइल बंद करून बघू" म्हणत त्यात सहा महिने घालवू नका.