‘उदारमतवादी कला’ आणि कांद्याचं रोप

प्रश्न : आमच्याकडे नाशिकच्या गंगापूर रोडला एका शाळेच्या माहितीपत्रकात ‘इयत्ता आठवी ते दहावी : उदारमतवादी कला शिक्षण’ असं छापलं आहे. मूळ शब्द ‘लिबरल आर्ट्स’. हा मराठी शब्द बरोबर आहे का? नसेल तर काय लिहावं? आणि आर्ट्स तर दहावीनंतर घेतात ना, मग आठवीला कसं?

उत्तर : साफ चूक आहे, आणि ती एकट्या त्या शाळेची नाही. फलकांवर, वर्तमानपत्रांच्या शिक्षण पुरवण्यांत, पालकसभेच्या भाषणांत हा शब्द सतत कानावर आदळतो. ‘उदारमतवादी’ म्हणजे उदार मताचा वाद मानणारा. हे विशेषण ज्याला मत असतं त्यालाच लागतं : उदारमतवादी नेते, उदारमतवादी पक्ष, उदारमतवादी संपादक. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांच्या परंपरेला आपण उदारमतवादी म्हणतो ते याच अर्थाने. व्याकरणाला किंवा भूमितीला कसलं आलंय मत? काटकोन त्रिकोण उदारमतवादी की सनातनी, हा प्रश्न विचारून पाहा, शब्द जागच्या जागी कोसळतो. ‘लिबरल’ दिसला की कोशातला पहिला अर्थ उचलायचा, या सवयीतून हे झालं. मग ‘आर्ट्स’ला ‘कला’ चिकटवलं आणि दोन चुकांची एक पाटी तयार झाली.

मूळ लॅटिन ‘आर्तेस लीबेरालेस’. यातला ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र माणूस, जो कोणाचा गुलाम नाही तो. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या ८८व्या पत्रात सरळ सांगितलं आहे की या विद्यांना हे नाव पडलं ते त्या स्वतंत्र माणसाला शोभणाऱ्या म्हणून. इथे उदारपणाचा संबंध नाही आणि पुस्तकाचा तर नाहीच. ‘लायब्ररी’ आणि ‘लिबरल’ एकाच शब्दातून आले असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. पुस्तकाचा ‘लिबेर’ ऱ्हस्व आहे, मूळ अर्थ झाडाच्या सालीचा आतला पदर. स्वतंत्राचा ‘लीबेर’ दीर्घ. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जेवढं नातं, तेवढंच या दोघांत.

‘कला’ का चुकलं तेही याच पत्रात आहे. चित्रकार, मूर्तिकार आणि संगमरवराचे कारागीर यांना या विद्यांच्या यादीत घ्यायला सेनेका स्पष्ट नकार देतो. त्याचा नकार आपण मानायचं कारण नाही, पण शब्दाची हद्द त्यातून कळते. पुढे जी सातांची यादी रूढ झाली तीत आधी तीन : व्याकरण, तर्क, वक्तृत्व. नंतर चार : अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. चित्रकला नाही, हस्तकला नाही. शाळांनी ‘कला’ हा शब्द वाचून शनिवारी शेवटचे दोन तास चित्रकलेला आणि बासरीला दिले आणि त्याला लिबरल आर्ट्स म्हटलं, तर चुकीच्या अनुवादाने वेळापत्रकच बिघडवलं असं म्हणायला हवं. यादीतलं संगीतही करमणुकीचं नव्हे, प्रमाणांचं आहे. फळीवर दोन खिळ्यांमध्ये ९० सेंटिमीटर तार ताणा. मोकळी तार छेडली तो सा. ६० सेंटिमीटरवर पाचर सरकवून तो लांब भाग छेडला की पंचम, ४५वर तार सप्तकातला सा. तीनास दोन आणि दोनास एक ही गुणोत्तरं कानाला ऐकू येतात. पाचर तारेला जेमतेम टेकेल एवढीच उंच हवी. तार बोटाने दाबली किंवा पाचर उंच झाली की ताण वाढतो, स्वर चढतो आणि मुलं म्हणतात, गणित चुकलं.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं ते. हा ‘लीबेर’ नाशिक जिल्ह्याच्या वाफ्यावाफ्यात उभा आहे. त्याला आपण ‘रोप’ म्हणतो.

हसू नका, पायरीपायरीने पाहू. ‘लीबेर’, ग्रीक ‘एलेउथेरोस’ (हाही स्वतंत्रच), जर्मन ‘लॉइटे’ आणि रशियन ‘ल्यूदी’ (दोन्हींचा अर्थ लोक) हे सगळे एका जुन्या धातूचे, आणि त्या धातूचा अर्थ वाढणं. संस्कृतात तो ‘रुध्’ झाला. हा अडवणारा रुध् नव्हे, वाढणारा. ऋग्वेदात ‘रोधति’ म्हणजे वाढतो आणि ‘वीरुध्’ म्हणजे वेल. ल चा र कसा झाला? लॅटिन ‘लुक्स’ (प्रकाश) आणि आपला ‘रुच्’ (चमकणं) शेजारी ठेवा. लॅटिनमध्ये ध चा ब कसा? आपलं ‘रुधिर’, त्यांचं ‘रुबेर’ (लाल). पुढे संस्कृतातच ध चा ह झाला, जसं ‘धा’पासून ‘हित’, तसं ‘रुध्’चं ‘रुह्’. रोहति, आरोह, अंकुर ‘प्ररोह’ पावतो, सगळे तिथलेच. राहिला ‘प’. तो कुठून आला असं विचारून लोक इथे मान हलवतात. त्याचं उत्तर पाणिनीने सातव्या अध्यायात देऊन ठेवलं आहे : ‘रुहः पोऽन्यतरस्याम्’ (७.३.४३). प्रयोजक करताना रुह् च्या ह च्या जागी विकल्पाने प येतो. म्हणून ‘रोहयति’ही चालतं, ‘रोपयति’ही. वाढतो तो रोहति, वाढायला लावतो तो रोपयति, आणि जे वाढायला लावलं ते रोप.

वाढण्याचा अर्थ स्वातंत्र्याकडे कसा वळला? जे आपल्या मातीत, आपल्या कुळात उगवले ते ‘लोक’, म्हणजे आपली माणसं. युद्धात पकडून किंवा विकत घेऊन आणलेला तो गुलाम. जो इथलाच उगवलेला, तो स्वतंत्र. लॅटिनमध्ये घरच्या मुलांना ‘लीबेरी’ म्हणत, ते याच शब्दाचं अनेकवचन. घरात वाढतात ती मुलं आणि स्वतंत्र माणसं, दोन्हींना एकच शब्द. माझ्या मते शाळेच्या दृष्टीने या साऱ्या चर्चेतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. आपल्याकडे उन्हाळ कांद्याचं उळं (बी) टाकलं की साधारण ४५ ते ५० दिवसांनी रोप लावणीला येतं. त्याआधी उपटलं तर मूळ धरत नाही, फार थांबलं तर रोप जुनं होऊन कांदा नीट पोसत नाही. माध्यमिक शाळेची वर्षं मोजताना हा हिशेब ज्यांच्या हाडीमासी आहे, त्यांना ‘लीबेरी’ आणि ‘रोप’ यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही.

आता मतभेद. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (परिच्छेद ११.१) बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा दाखला देऊन ६४ कला आणि लिबरल आर्ट्स यांची सांगड घातली आहे. सांगड आकर्षक आहे, पण शब्दार्थ म्हणून मला मान्य नाही. कामसूत्रातली यादी काढा. तिच्यात कोशज्ञान, छंद, देशभाषा, समस्यापूर्ती आहेत, तशीच सुतारकी, रत्नपरीक्षा, शय्या रचणं आणि कोंबड्यांच्या झुंजीही आहेत. लॅटिन यादी हातकामाला दाराबाहेर ठेवते, आपली यादी त्याला पाटावर बसवते. दोन्ही वृत्ती परस्परविरुद्ध आहेत. शाळेसाठी मला आपलीच यादी अधिक पटते, पण म्हणून एकीला दुसरीचं भाषांतर म्हणता येत नाही. दुसरी मंडळी ‘सा विद्या या विमुक्तये’ पुढे करतात. विष्णुपुराणातल्या त्या श्लोकाचा आधीचा चरण वाचा : ‘तत्कर्म यन्न बन्धाय’. तिथली मुक्ती कर्मबंधातून आहे. रोमन नागरिकाचं स्वातंत्र्य ही वेगळी वस्तू. शाळेच्या कमानीवर श्लोक शोभतो, शब्दकोशात पुरावा म्हणून चालत नाही.

‘मानव्यविद्या’ सुचवणाऱ्यांनी सातांपैकी चार विषय गणिताच्या घरचे आहेत हे विसरू नये. ‘मुक्त विद्या’ अर्थाने सर्वांत जवळ, पण नाशकात तो शब्द आधीच खर्ची पडला आहे. १९८९ साली स्थापन झालेलं मुक्त विद्यापीठ इथेच गोवर्धनला आहे. इथे ‘मुक्त’ म्हटलं की पालक विचारणार, मुलांना रोज शाळेत यावं लागेल ना? म्हणून माझा कौल ‘मोकळ्या विद्या’ला. मोकळा हाही ‘मुक्त’सारखा संस्कृत ‘मुच्’ (सोडणं) धातूच्याच घराण्यातला, प्राकृतातून घासून आलेला, आणि मराठी माणसाच्या तोंडी रोजचा : मोकळं रान, मोकळा श्वास, मोकळा माणूस.

आणि आठवीत आर्ट्स कसं? कारण ‘आर्ट्स’ ही मुळात शाखा नव्हेच. लोकमान्य टिळक १८७७ साली बी. ए. झाले ते गणित घेऊन. तोवर त्या ‘ए’त गणित होतं. आपण पुढे विज्ञान वेगळं काढलं, वाणिज्य वेगळं काढलं, उरलं ते कला, आणि आता ‘मार्क कमी पडले म्हणून आर्ट्सला टाकलं’ असं बोलतो. द्राक्षबागेच्या भाषेत सांगायचं तर अकरावीची कला शाखा ही काडी, म्हणजे घड धरणारी फांदी. मोकळ्या विद्या म्हणजे खोड आणि ओलांडे (खोडाच्या आडव्या फांद्या). ते आधी तयार करावे लागतात, नाहीतर काडी येणार कशावर? ते करायची वेळ आठवी ते दहावीच.

तास कसा असतो त्याचा एक नमुना. फळ्यावर वाक्य लिहा : ‘निर्यातबंदी झाली म्हणून कांद्याचे भाव पडले.’ ३५ मिनिटांचा तास धरा. पहिली १० मिनिटं व्याकरण : ‘म्हणून’ काय करतं? त्याजागी ‘त्यानंतर’ घातलं तर वाक्याचा दावा कसा बदलतो? ‘भाव’ म्हणजे बाजार समितीतल्या लिलावाचा, की किरकोळ विक्रीचा? पुढची १५ मिनिटं तर्क : त्याच आठवड्यात आवक वाढली असेल तर? बंदी नसतानाही भाव पडल्याचं दाखवता आलं, तर या वाक्याचं काय उरतं? शेवटची १० मिनिटं वक्तृत्व : दोन मुलं निवडा. प्रत्येकाने दोन मिनिटं शेतकऱ्याच्या बाजूने बोलायचं, मग त्यानेच दोन मिनिटं गिऱ्हाइकाच्या बाजूने. तास फसतो तो बहुतेक वेळा पहिली पायरी गाळल्यामुळे. ‘भाव’ कोणता हे ठरलंच नाही, तर अर्धा वर्ग लासलगावच्या लिलावाबद्दल बोलतो, अर्धा घरच्या भाजीच्या पिशवीबद्दल, आणि तर्काचं भांडण होतं. वक्तृत्व आधी घेतलं तरी तेच : पाठ केलेलं भाषण येतं, आणि त्यातलं ‘म्हणून’ कोणी तपासत नाही.

माहितीपत्रकात तेव्हा ‘इयत्ता आठवी ते दहावी : मोकळ्या विद्या (व्याकरण, तर्क, वक्तृत्व, गणित, भूमिती, संगीत, खगोल)’ असं छापायला सांगा. कंसातली यादी गाळू देऊ नका, आणि ‘विद्या’ अनेकवचनीच ठेवा. छापखान्यात कोणी सुधारून ‘मोकळी विद्या’ केलं, तर ती शिस्त नसलेली शाळा वाटेल.