कोड चालतो, तरी परत का आला?

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या इंटर्नशिप करते आहे. पायथॉन भाषेतल्या कोडमधला एक बग मी दुरुस्त केला. बदल तीनच ओळींचा होता आणि सगळ्या टेस्ट पास झाल्या. पण माझ्या एडिटरने सेव्ह करताना अख्ख्या फाइलीत ओळींच्या सुरुवातीच्या स्पेसचे टॅब केले. शिवाय माझ्या ओळी लांब आहेत म्हणून सिनिअरनी काम परत पाठवलं. कॉलेजात यासाठी कधी मार्क गेले नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर अडवत असतील, तर या क्षेत्रात माझा निभाव लागेल का?

उत्तर : नक्की लागेल. बग शोधणं हे खरं अवघड काम, आणि ते तुला जमलं. पण सिनिअरनी अडवलं ते योग्यच केलं.

त्यांच्या जागी बसून बघ. डिफ, म्हणजे जुन्या-नव्या फाइलीतला फरक, उघडला तर जवळजवळ प्रत्येक ओळ एकदा लाल (जुनी), एकदा हिरवी (नवी). तुझ्या तीन ओळी त्यात शोधायच्या कशा? स्पेसचे फरक लपवून डिफ बघता येतो, पण पायथॉनमध्ये ते धोक्याचं, कारण कुठली ओळ कुठल्या ‘इफ’च्या अटीमध्ये मोडते हे इंडेंटेशनवरच, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरच ठरतं. टॅब आणि स्पेसची नको तशी सरमिसळ झाली, तर पायथॉन ३ सरळ ‘टॅबएरर’ देतं. पुढे कुणी गिट ब्लेम (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली हे दाखवणारी आज्ञा) चालवलं, तर जवळजवळ सगळ्या फाइलीवर तुझंच नाव!

टॅब चांगला की स्पेस, या वादात तू पडू नकोस. पायथॉनची २००१ सालची ‘पेप ८’ ही नियमावली चार स्पेस आणि ७९ अक्षरांची ओळ सांगते. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कोडमध्ये आठ अक्षरांच्या रुंदीचा टॅब चालतो. गो भाषेचा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप करणारं साधन, टॅबच घालतो आणि ओळीच्या लांबीला मर्यादाच ठेवत नाही. टॅबची रुंदी ज्याला त्याला आपापल्या सोयीने ठरवता येते, नजर अधू असलेल्यांना याचा फार उपयोग होतो. ओळीच्या लांबीचा ८०च्या आसपासचा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डापासून (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डापासून) चालत आला, पण दोन फाइली शेजारी-शेजारी उघडून वाचताना आखूड ओळी आजही बऱ्या पडतात. प्रत्येक बाजूला जाणती माणसं आहेत. म्हणून ज्या प्रोजेक्टमध्ये काम करतेस, तिथला नियम तो तुझा नियम.

आता कामाचं. रेपोमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या फाइलींच्या साठ्यात, ‘एडिटरकॉन्फिग’ची (एडिटरला मांडणीचे नियम सांगणारी) फाइल आहे का बघ. ‘ब्लॅक’सारखा फॉरमॅटर वापरत असतील तर त्याची मर्यादा मुळात ८८ अक्षरांची असते, टीमने ती बदलली आहे का तेही तपास. काहीच सापडलं नाही तर सिनिअरना विचार, “आपल्याकडे फॉरमॅटर कोणता वापरतात?” हा प्रश्न विचारणारी इंटर्न त्यांना आवडेल. मग मूळ फाइल परत घे, एडिटरची सेटिंग बदल आणि फक्त त्या तीन ओळी, मर्यादेत बसवून, पुन्हा पाठव. फाइलीचं फॉरमॅटिंग खरंच सुधारायचं असेल तर त्याचा कमिट (बदलाची नोंद) वेगळा कर, तोही आधी विचारून.