केटी लागली म्हणून शिष्यवृत्ती जात नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यातले, चार एकर कोरडवाहू. मुलगा पुण्यात खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून नंबर लागला आणि राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून दोन वर्षं निम्मी फी माफ झाली. आता दुसऱ्या वर्षाच्या निकालात एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) आणि आणखी एक विषय राहिला. तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाय, पण रूमवरची पोरं म्हणतात, केटीवाल्यांची स्कॉलरशिप बंद होते, फॉर्म भरून उपयोग नाही. त्यानं आठ दिवस आम्हाला काही कळूच दिलं नाही. त्याचे वडील म्हणतात, पूर्ण फी कुठनं आणायची, वर्षभर घरी बसू दे. मागं धाकटी पण आहे, यंदा बारावीला. काय करावं?
— एक आई, बार्शी तालुका

उत्तर : ताई, आधी त्याच्या वडिलांना सांगा, पोराला घरी बसवू नका. शिष्यवृत्ती केटीनं जात नाही. घरी बसल्यानं मात्र जाऊ शकते.

एका कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे माझी सत्तावीस वर्षं गेली. निकालानंतरच्या पंधरवड्यात खिडकीशी न येणारी पोरं कोण, हे मला यादी न बघता सांगता यायचं. ज्यांचे विषय राहिले, ती. कुणी त्यांना नाही म्हटलेलं नसायचं. त्यांनी स्वतःच ठरवलेलं असायचं की आता आपला हक्क संपला.

केटी म्हणजेच एटीकेटी, विषय राहिले तरी टर्म चालू ठेवायला दिलेली परवानगी. विद्यापीठानंच त्याला वरच्या वर्गात बसवलंय. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या फॉर्ममध्ये मागच्या वर्षाचा निकाल निवडताना एटीकेटी हा पर्यायच दिलेला असतो. तुमच्या मुलानं तोच निवडायचा आणि दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका आहेत तशा जोडायच्या. लाजेपोटी ‘पास’ निवडू नको म्हणावं. फॉर्म एक सांगतो आणि गुणपत्रिका दुसरंच, अशानं अर्ज अडकतो.

आता नियम कुठं खरंच कडक आहे ते ऐका. या योजनेत मागच्या सेमिस्टरच्या परीक्षेला विद्यार्थी बसलेला असावा लागतो. विषय राहणं वेगळं आणि परीक्षेलाच न जाणं वेगळं. माझ्याकडे एक मुलगा होता, असाच दुष्काळी पट्ट्यातला. अभ्यास झाला नाही म्हणून चौथ्या सेमिस्टरला एकाही पेपरला गेला नाही. हॉलतिकीट काढलेलं, चार घड्या घालून पाकिटात ठेवलेलं. खिडकीशी उभा राहून त्यानं ते उलगडून मला दाखवलं. घड्यांवर कागद फाटायला आला होता, पण मागे पर्यवेक्षकाची एकही सही नव्हती. ‘मॅडम, नापास होण्यापेक्षा ड्रॉप बरा वाटला,’ म्हणाला. त्याच्याच खोलीतला दुसरा मुलगा तीन विषयांत गेला होता, पण प्रत्येक पेपरला बसला होता. त्याची शिष्यवृत्ती चालू राहिली, याची थांबली. मला आधी विचारलं असतं तर हाताला धरून वर्गात नेऊन बसवलं असतं. आजही ते हॉलतिकीट आठवलं की जीव तुटतो.

खंडाचंही तसंच. शिकता शिकता दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडला, तर योजनेतून नाव जातं. तुम्ही एकच वर्ष म्हणताय, पण वर्षभर घरी बसलेला मुलगा पुन्हा पुस्तकाला लागेपर्यंत दुसरं वर्ष कधी लागतं ते कळत नाही. मी ते पाहिलंय.

हजेरी मागच्या सेमिस्टरची निदान पन्नास टक्के लागते. परीक्षेला बसू देण्यासाठी कॉलेजची हजेरीची अट याहून जास्त असते, त्यामुळे पन्नासवर समाधान मानू नये. सोयाबीन काढायला ऑक्टोबरात त्याला पंधरा-वीस दिवस बोलावून घेत असाल, तर तेवढी मजुरी परवडते का बघा, पण पोराला वर्गात राहू द्या.

शिष्यवृत्ती एकदा लागली म्हणजे चार वर्षं आपोआप येत राहते, असं पुष्कळ घरांना वाटतं. तसं नसतं. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. तो भरला की काम झालं असंही नाही. कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला जातो, मग खात्याकडे. मध्ये कुठंही त्रुटी निघाली की अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याकडे परत येतो, आणि तिथंच महिनोन् महिने पडून राहतो, कारण विद्यार्थ्यानं पुन्हा लॉगिनच केलेलं नसतं. त्यातून नोंदवलेला मोबाइल नंबर मामाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा! मुलाला सांगा, दर रविवारी दोन मिनिटं लॉगिन करून अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते बघायचं. मुदत वाढते, हे खरंय. पण तिच्या भरवशावर राहू नये.

परत येणाऱ्या अर्जांत सगळ्यात जास्त वेळा उत्पन्नाचा दाखला असायचा. दाखल्यावर खाली मुदत छापलेली असते, बहुधा ३१ मार्च. गेल्या वर्षीचाच पुन्हा जोडला की अर्ज परत. तहसीलदारांचा नवीन दाखला सेतूतून आत्ताच काढून ठेवा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं, तुमचं आहेच. दुसरी खोड स्कॅनची. फाइल २५६ केबीच्या आत बसवायची म्हणून पोरं ती इतकी दाबतात की बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळून काळा पट्टा होतो. तपासणाऱ्याला तो दाखला खरा की खोटा कसं कळणार? अपलोड करण्याआधी मोबाइलवर मोठं करून बघायचं. बारकोडखालचा आकडा वाचता आला पाहिजे.

आणखी एक. पुण्यात गेल्यावर त्यानं नवीन बँक खातं उघडलंय का विचारा. सरकारी रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. पैसे आले नाहीत म्हणून रडत आलेल्या एका मुलीचे पैसे पाच महिने तिच्याच दुसऱ्या खात्यात पडून होते.

विद्यापीठाचा नियमही डोळ्यांसमोर ठेवा. पुढच्या वर्षात जायला किती विषय सुटलेले लागतात याची मर्यादा असते. ती ओलांडली की वायडी, म्हणजे वर्ष तिथंच थांबतं. एम-थ्री पहिल्याच संधीला काढून टाक म्हणावं.

धाकटीचं ऐकून मला खरंच आनंद झाला. या योजनेचा लाभ एका कुटुंबातल्या दोन अपत्यांना मिळतो, म्हणजे तिचीही जागा आहे. शिवाय ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. तुम्ही ज्या प्रवर्गात बसता त्याचं प्रमाणपत्र बारावीचा निकाल लागायच्या आत हातात ठेवा. जूनमध्ये तहसीलला पाय ठेवायला जागा नसते.

आणि ताई, आठ दिवस बोलला नाही म्हणून त्याच्यावर रागावू नका. फी कुठनं येते हे त्याला माहीत आहे, म्हणूनच तोंड उघडलं नसेल. आज संध्याकाळी फोन करा आणि आधी जेवलास का विचारा, मग फॉर्मचं.

प्रश्न : मी बी.एस्सी. करते. बारावीच्या गुणांवर केंद्र सरकारची वर्षाला १२ हजारांची शिष्यवृत्ती मिळाली होती. यंदा ४८ टक्के पडले. नूतनीकरण होईल का?
— एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : बाळा, या योजनेत वार्षिक परीक्षेत ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. ४८ वर नूतनीकरण होत नाही, तुला खोटी आशा दाखवणार नाही. पण दोनच टक्क्यांचा प्रश्न आहे. कुठल्या विषयात अपेक्षेपेक्षा फार कमी पडलेत? पुनर्मूल्यांकनाची मुदत थोडी असते, ती निघून गेली नसेल तर उद्याच अर्ज कर. गुण वाढले तर सुधारित गुणपत्रिका घेऊन कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्यांना भेट.

नाहीच वाढले, तर केंद्राची शिष्यवृत्ती घेताना दुसरी घेता येत नव्हती, ती अडचण आता उरत नाही. महाडीबीटीवर उच्च शिक्षण संचालनालयाच्या योजना आहेत. तुझा प्रवर्ग आणि वडिलांचं उत्पन्न तू लिहिलेलं नाहीस, म्हणून नेमकी कोणती ते इथं सांगता येत नाही. पोर्टलवर दोन्ही भरलंस की तू बसतेस त्या योजनांची यादी दिसेल. ती घेऊन कॉलेजच्या खिडकीशी जा. दुपारी जेवणाच्या सुटीनंतर जा, तेव्हा गर्दी कमी असते आणि क्लार्कला तुझ्याशी नीट बोलता येतं.