सव्वा टक्क्यासाठी कर्जमाफी सोडू नका

वाचकाचा प्रश्न: मी न्यू जर्सीतल्या एका ना-नफा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. ग्रीन कार्ड आहे, लग्न झालेलं नाही. फेडरल शैक्षणिक कर्ज 95,000 डॉलर, व्याज 6.5 टक्के, सगळं 2016 नंतर घेतलेलं. करविवरणातला एजीआय (समायोजित ढोबळ उत्पन्न) 78,000 डॉलर. पीएसएलएफचे (सरकारी वा ना-नफा नोकरी करणाऱ्यांसाठीची फेडरल कर्जमाफी) 62 हप्ते धरले गेलेत, पण सेव्ह या उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या योजनेत असल्यामुळे कर्ज फॉर्बेअरन्समध्ये (हप्ते थांबवलेल्या अवस्थेत) पडून आहे. एक खासगी कंपनी 5.2 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी रिफायनान्स (जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज) देते आहे. बाबा म्हणतात, घे आणि कर्जातून मोकळी हो. काय करू?

उत्तर: रिफायनान्स करू नका. बाबांची काळजी खरी आहे, पण इथे मोकळं होण्याचा जवळचा रस्ता दुसरा आहे.

खासगी कर्जाचा हप्ता साधारण 1,017 डॉलर बसेल, म्हणजे 10 वर्षांत 1,22,000 डॉलर. पीएसएलएफला 120 हप्ते लागतात, तुमचे 58 उरलेत. आयबीआरमध्ये (उत्पन्नावर हप्ता ठरवणारी दुसरी फेडरल योजना) तुमच्यासारख्या 1 जुलै 2014 नंतरच्या कर्जदाराचा हप्ता असा निघतो: दारिद्र्यरेषेच्या दीडपट रक्कम (2025 च्या रेषेने एका माणसासाठी 23,475 डॉलर) एजीआयमधून वजा करायची आणि उरलेल्याचे 10 टक्के वर्षाला भरायचे. तुम्हाला महिना 454 डॉलर. पगार वाढला नाही असं धरलं तर 58 हप्त्यांचे सुमारे 26,400 डॉलर. एजीआय 10,000 ने वाढला तरी हप्ता 83 डॉलरनेच वाढतो. महिन्याचं व्याज 515 डॉलर, त्यामुळे बाकी थोडी फुगताना दिसेल. घाबरू नका, 120 व्या हप्त्यानंतर उरलेलं सगळं माफ होतं आणि त्यावर फेडरल कर नाही. नुसत्या 20 वर्षांच्या आयबीआर माफीला ही सवलत नाही. 2026 पासून ती करपात्र आहे.

एकदा खासगी कंपनीकडे गेलेलं कर्ज पुन्हा फेडरल होत नाही. ते 62 हप्तेही त्याबरोबर गेले.

सेव्हमध्ये थांबू नका. 2025 च्या कायद्याने ती मोडीत काढली आहे आणि फॉर्बेअरन्सचे महिने आपोआप मोजले जात नाहीत. आयबीआरचा अर्ज लगेच भरा. वाया गेलेल्या महिन्यांसाठी बायबॅक (त्यांचे हप्ते नंतर भरून ते मोजून घेण्याची सोय) आहे, पण ते महिने धरून 120 पूर्ण होत असतील तेव्हाच मागता येतं.

1 जुलै 2026 पासून रॅप ही उत्पन्नावर हप्ता ठरवणारी नवी योजनाही आहे आणि तिचे हप्ते पीएसएलएफला चालतात. त्यात टक्का संपूर्ण एजीआयवर लागतो: 70,000 च्या वर 7 टक्के, 80,000 च्या वर 8. आज तुम्हाला 455 डॉलर येतील, म्हणजे आयबीआरइतकेच. पण 403(बी) या निवृत्ती खात्यात करपूर्व 8,100 डॉलर टाकले तर एजीआय 69,900 वर येतो, टक्का 6 होतो आणि रॅपचा हप्ता 350 वर उतरतो. आयबीआरमध्ये तो 387 होईल. शिवाय 22 टक्क्यांच्या पट्टीत सुमारे 1,780 डॉलर फेडरल कर वाचतो आणि निवृत्तीचे पैसे तुमचेच राहतात. हप्ता मागच्या करविवरणावरून ठरत असल्यामुळे हा फायदा पुढच्या वर्षी दिसेल. उलट ओव्हरटाइमने एजीआय 80,000 पार गेला, तर रॅपचा हप्ता एकदम 533 होतो.

नवं फेडरल कर्ज मात्र आता घेऊ नका. 1 जुलै 2026 नंतर घेतलंत तर आयबीआर हातचं जाईल.

माफी मालकाच्या ओळखीवरही अडते. काम ना-नफा रुग्णालयात, पण पगार खासगी स्टाफिंग कंपनीचा, असं फिजिओथेरपीत असू शकतं. डब्ल्यू-2 या पगाराच्या वार्षिक कर-दाखल्यावरचा ईआयएन (मालकाचा ओळख क्रमांक) स्टुडंटएडच्या संकेतस्थळावर टाकून तपासा. आठवड्याला सरासरी 30 तास भरलेच पाहिजेत. नोकरीचा दाखला फॉर्म दरवर्षी भरा, दहा वर्षांचा एकदम नको, कारण जुन्या एचआरकडून सह्या मिळवणं फार कठीण जातं. हप्त्यांच्या मोजणीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

मध्येच खासगी क्लिनिकची नोकरी चालून आली, तर हिशेब करताना हेही धरा की इथला उरलेला प्रत्येक महिना तुम्हाला साधारण 1,600 डॉलरची करमुक्त माफी मिळवून देतो. नोकरी बदललीत तरी मोजलेले हप्ते पुसले जात नाहीत. ते सलग असण्याची अट नाही.