गोठ्यातली मांजर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मांजर माळ्यावर कडब्यात व्याली. आठव्या दिवशी तिनं तीन पिल्लं दुसरीकडे नेली, एक मागेच राहिलं. ते गार पडलं होतं म्हणून गाईचं दूध कोमट करून पाजलं, तर हगवण लागली. काय चुकलं?

मांजर पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. बोक्याची चाहूल लागली किंवा माणसांची सारखी ये-जा झाली की ती जागा बदलते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. त्यामुळे मागे राहिलेलं पिल्लू तिनं टाकलंच असेल असं नाही. अंग उबदार आणि पोट भरलेलं असेल, तर दोन-तीन तास लांबूनच लक्ष ठेवा. गार पडलं असेल तर मात्र लगेच उचला.

आधी ऊब, दूध नंतर. अंग गार असताना आतडं चालत नाही. पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं, नाहीतर गिळता न आल्यानं फुप्फुसात जातं. खोक्यात गोणपाट अंथरा, त्यावर मऊ सुती कापड घाला. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू दुसऱ्या बाजूला सरकेल. करंगळीचं टोक त्याच्या तोंडात घालून बघा. आत गार लागत असेल तर अजून पाजायचं नाही.

गाईच्या दुधात प्रथिनं मांजरीच्या दुधाच्या निम्म्याहून कमी असतात आणि त्या मानानं दुधातली साखर जास्त. ती न पचता पुढे गेली की हगवण लागते. जनावरांच्या औषधांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच वापरा. या वयात १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी ३ ते ४ मिली, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजताना पिल्लू पालथंच धरा. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध हमखास श्वासनलिकेत उतरतं. दर वेळी ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हलकेच पुसा. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही, एरवी आई चाटून ते काम करते. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. वजन वाढायचं थांबलं किंवा हगवण सुरू राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी काही तासांत संपतं.

प्रश्न : गोचिडांसाठी म्हशींवर औषध फवारलं. संध्याकाळी मांजरीचे कान फडफडायला लागले, लाळ गळत होती. दोन्हींचा संबंध असेल का?

दाट शक्यता आहे. गोचिडांच्या फवाऱ्यात बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. म्हशीला ते सोसतं, मांजराच्या यकृताला मात्र ते झटपट मोडता येत नाही. वर मांजर अंग चाटून साफ करते, म्हणजे केसांवर उडालेलं सगळं पोटात जातं. कान फडफडणं, अंग थरथरणं, मग झटके, असा क्रम असतो. कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणानं अंग धुवा, पुसून कोरडं करा, उबेत ठेवा आणि औषधाची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. झटके येत असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट न्या. तूप, तेल, दूध काही पाजू नका. पुढच्या वेळी मांजर-पिल्लं बाहेर काढून, त्यांची ताटली उचलूनच फवारा आणि गोठा पूर्ण वाळेपर्यंत त्यांना आत सोडू नका.

यकृताच्या याच कमजोरीमुळे मांजराला पॅरासिटामॉल कधीही द्यायचं नाही. एका गोळीनं जीव जातो.

प्रश्न : वर्षातून दोन-तीनदा पिल्लं होतात. ऑपरेशन केलं तर मांजर उंदीर धरायचं सोडेल का?

नाही. शिकार तिच्या अंगातच असते, गर्भाशयाशी तिचा संबंध नाही. उपाशी मांजर चांगली शिकार करते हाही गैरसमज आहे. रोज ठरल्या वेळी खायला घाला, ती गोठा सोडून लांब जाणार नाही. नुसती दूध-भाकरी मात्र पुरत नाही. मांस-मासळीतलं टॉरिन हे पोषक द्रव्य मिळालं नाही तर डोळे आणि हृदय निकामी होतं.

मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यात माजावर येऊ शकते, सुमारे ६५ दिवसांत विते आणि अंगावर पाजत असतानाही पुन्हा गाभण राहते. म्हणून पिल्लं आठ आठवड्यांची होऊन खायला लागली की ऑपरेशन लांबवू नका, तोवर बोक्यापासून तिला कोंडून ठेवा. पिल्लांचंही चौथ्या महिन्यात करता येतं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात द्या.

शेळ्या असतील तर पेंड आणि वैरण झाकून ठेवा. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी जंतू पसरला तर गाभण शेळ्या गाभडतात. विष्ठा रोजच्या रोज काढा, कारण त्यातले जंतू एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होतात. घरात बाई गरोदर असेल तर हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं.