संध्याकाळी पोट फुगतं? आधी दुपारचा डबा तपासा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सकाळी उठल्यावर पोट हलकं, पण संध्याकाळी पाचनंतर टम्म फुगतं, ऑफिसातून घरी येईपर्यंत ड्रेस कमरेला आवळायला लागतो. सोनोग्राफी नॉर्मल आली आहे. चारच्या चहावर संशय होता म्हणून तो बंद केला, तरी फरक नाही. वजन कमी करायचं म्हणून तीन महिन्यांपासून सकाळी वाटीभर कच्ची मोडाची मटकी आणि रात्री ग्लासभर हळदीचं दूध चालू आहे. शिवाय तुम्ही विचारलंय की हिंग्वाष्टक चूर्ण रोज घेतलं तर चालेल का, आणि गहू सोडून बघू का.

मला स्वतःला हा त्रास बरीच वर्षं होता, आणि घरात आणखी दोघांना आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पोट कधी फुगतं ती वेळ आधी बघा. जेवता जेवताच किंवा उठल्याबरोबर फुगत असेल, वर ढेकरा येत असतील, तर बहुतेक वेळा घाईघाईत जेवणं, बोलत जेवणं, सोडा किंवा कोल्ड्रिंक, च्युइंगगम यांतून हवा पोटात गेलेली असते. पण खाल्लेलं अन्न मोठ्या आतड्यापर्यंत पोचायला साधारण चार ते सहा तास लागतात, आणि खालचा गॅस तयार होतो तो तिथे. म्हणजे पाच वाजता पोट फुगतं त्याचा संबंध चारच्या चहाशी कमी आणि सकाळच्या मटकीशी व एकच्या डब्याशी जास्त. चहा बिचारा फुकट बंद झाला. तो सुरू करा.

आता मटकी. कडधान्यांत राफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या पचवणारं एन्झाइम (अन्न फोडणारा पाचक घटक) माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या तशाच खाली जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. मोड आणल्यावर या साखरा कमी होतात हे खरं, पण संपत नाहीत, आणि कच्चं कडधान्य पचायला जडच. त्यातून चोथ्याची सवय नसलेल्या पोटाला एकदम रोज वाटीभर दिली, तर ते कुरकुरणारच.

मटकी सोडू नका, करायची पद्धत बदला. भरपूर पाण्यात रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या (झाडांना घाला, आमटीत नको), पुन्हा दोनदा धुवा, मोड आणा आणि बोटांनी दाबल्यावर सहज चिरडेल इतकी शिजवा. फोडणीत हिंग, जिरं, किसलेलं आलं. पहिले काही दिवस दोन-तीन चमचेच खा, मग हळूहळू वाढवा. छोले, राजमा, वाटाणे यांनाही हेच, फक्त ते आणखी जड, तेव्हा सुरुवातीला बाजूलाच ठेवा. सालीशिवायच्या मुगाच्या डाळीचं वरण बहुतेकांना सोसतं.

मटकीनंतर माझा सगळ्यात जास्त संशय कांदा-लसणावर आहे. तुमच्या डब्यात रोज कांदा-लसूण मसाल्याची भाजी असते असं तुम्हीच लिहिलंय. कांदा, लसूण आणि गहू या तिन्हींत फ्रुक्टन नावाचा घटक असतो, आणि तोही आपल्याला पचत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात अशा न पचणाऱ्या साखरांवर बरंच काम झालंय, त्यातूनच ‘लो फॉडमॅप’ आहार, म्हणजे अशा साखरा कमी असलेला आहार, आला. इंटरनेटवर त्याच्या याद्या ब्रोकोली आणि किन्वाने भरलेल्या दिसतात आणि माणूस घाबरून सोडून देतो. आपल्याला घाबरायचं कारण नाही. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारी घरं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांचा सगळा स्वयंपाक तयार आहे. गोडा मसाला, ओलं खोबरं, कोथिंबीर, आमसूल, थोडा गूळ यांवर दोन-तीन आठवडे निघतात आणि चवीला काही कमी पडत नाही. विकतच्या गोड्या मसाल्याच्या पाकिटावर घटक मात्र वाचून घ्या.

लसणाचा वास अगदीच हवा असेल तर एक युक्ती आहे. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. गरम तेलात ठेचलेल्या पाकळ्या लालसर होऊ द्या, झाऱ्याने सगळ्या काढून टाका, आणि मगच भाजी किंवा डाळ घाला. क्रम उलटा झाला, म्हणजे रस्सा उकळताना लसूण आत राहिला, तर उपयोग नाही. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही चालतो, पांढरा नको.

तिसरं दूध. लहानपणानंतर बऱ्याच जणांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवणारं एन्झाइम कमी होत जातं. ग्लासभर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. चहातल्या दुधाने सहसा काही होत नाही, अख्ख्या ग्लासाने होतं. रात्री दूध प्यायल्यावर पोटात गुडगुड होत असेल किंवा सकाळी पातळ होत असेल, तर ते थांबवून पाहा. ताकात लॅक्टोज दुधापेक्षा कमी असतं. दुपारी जिरेपूड आणि सैंधव घालून पातळ ताक घ्या.

पण या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बंद करू नका. आधी मटकी सुधारा, आठवडाभर बघा. मग कांदा-लसूण काढा. मग दूध. आणि बरं वाटलं की काढलेली वस्तू थोडी थोडी परत आणून बघा, कारण बहुतेकांना अर्धा कांदा सोसतो, दोन सोसत नाहीत. कायमचं सगळं बंद करून बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. जेवण चार पदार्थांवर येतं, अशक्तपणा येतो आणि पोट तरीही धड नसतं. तसं होऊ देऊ नका.

पोट रोज साफ होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत नसेल तर वरचं सगळं करूनही फुगवटा राहील. त्यासाठी कोंड्याच्या मागे न लागता इसबगोल घ्या: एका चमच्यापासून सुरुवात आणि वर भरपूर पाणी. जेवल्यावर लगेच खुर्चीत बसू नका. शतपावली खरोखर काम करते, चालण्याने अडकलेला गॅस पुढे सरकतो.

आता चूर्णाबद्दल. हिंग्वाष्टकात सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा, सैंधव, दोन प्रकारचं जिरं आणि हिंग असतं. तुपात कालवून भाताच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची रीत आहे आणि आराम पडतो. ओवा-सैंधव चावून कोमट पाणी, जेवणानंतर बडीशेप, हेही उत्तम. लग्नाचं जेवण झालं, बाहेर मिसळ खाल्ली, त्या दिवशी जरूर घ्या. पण रोज संध्याकाळी चूर्ण लागतंय म्हणजे डब्यातलं कारण तसंच आहे. बीपी असेल तर सैंधव हेही मीठच, हे लक्षात ठेवा. पुदिन्याने आतडी सैलावतात, पण छातीत जळजळ होणाऱ्यांना तो बाधतो. फसफसणारी सोड्याची पुडी रोज घेणं मला अजिबात पटत नाही. त्यात भरपूर सोडियम असतं आणि पोटात गेल्यावर तिचाच कार्बन डायऑक्साइड होतो.

वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त, सारख्या उलट्या, रात्री झोपेतून उठवणारी कळ, ॲनिमिया, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. बायकांनी एक जास्तीचं ध्यानात ठेवावं: चाळिशी-पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला, काही आठवडे रोज राहणारा फुगवटा आणि दोन घासांतच पोट भरणं हे ओव्हरीच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतं. मागची सोनोग्राफी जुनी असेल तर ती पुन्हा करायची का हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

राहिला गहू. तो एवढ्यात सोडू नका. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे होणारा सीलिॲक आजार रक्ताच्या टीटीजी तपासणीत कळतो, पण तपासणीच्या वेळी गहू खाण्यात असावा लागतो. आधीच सोडला तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. डॉक्टरांना विचारून आधी ती तपासणी करून घ्या. रिपोर्ट स्वच्छ आला तर दोन आठवडे डब्यात पोळीऐवजी ज्वारीची भाकरी नेऊन बघा. ज्वारीने हलकं वाटलं, तर तुमचा त्रास ग्लुटेनचा नसून त्याच फ्रुक्टनचा असण्याची शक्यता जास्त, आणि मग सणावाराला दोन पुरणपोळ्या खायला हरकत नाही.