स्लीप ॲप्नियावर जबड्याची प्लेट उपयोगी पडेल का, हे आधी कळू शकतं का?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचं वय ४६ आहे, त्यांना स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडकण्याचा आजार आहे, एएचआय (झोपेच्या दर तासाला श्वास अडकण्याच्या किंवा अपुरा पडण्याच्या घटना) २२ आला आहे, सीपॅपचा, म्हणजे दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा, मास्क सहन न झाल्यानं ते कपाटात गेलं आहे आणि आता दंतवैद्यांनी खालचा जबडा पुढे धरणारी प्लेट सुचवली आहे. पैसे घालण्याआधी तिचा उपयोग होईल की नाही हे कळेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी दंतवैद्य आहे, अशा प्लेट्स करून देते. खात्रीनं आधी कळत नाही. पण बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी लागणारी निम्मी माहिती तुमच्या घरातच पडून आहे.

सुरुवातीला एक ढोबळ हिशोब सांगते. नीट मापानं केलेली प्लेट वापरणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा एएचआय ५च्या खाली येतो. आणखी तेवढ्याच लोकांचा निम्म्याहून कमी होतो पण ५च्या वरच राहतो. उरलेल्यांना फारसा फरक पडत नाही. तुमचे मिस्टर यातल्या कुठल्या गटात बसतील, एवढंच आता शोधायचं आहे.

स्लीप स्टडीचा, म्हणजे रात्री झोपेतला श्वास नोंदवणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट काढा. पहिल्या पानावरचा २२ हा रात्रभराचा आकडा आहे. आतल्या पानांवर बहुतेक वेळा उताणं झोपल्यावरचा आणि कुशीवर झोपल्यावरचा असे वेगळे आकडे असतात. उताण्याचा ४० आणि कुशीवरचा ८ असं काही दिसलं तर ते चांगलं लक्षण आहे. अशा रुग्णांना प्लेट बऱ्याचदा मानवते. दोन्ही आकडे सारखेच असतील तर आशा थोडी कमी करा. त्याच रिपोर्टमध्ये ‘सेंट्रल’ प्रकारच्या घटना किती आहेत तेही पाहा. त्यात घसा मोकळाच असतो, मेंदूकडूनच श्वासाचा इशारा येत नाही, आणि जबडा कितीही पुढे घेतला तरी त्यावर उपाय होत नाही.

दुसरी माहिती त्या कपाटातल्या मशीनमध्ये आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. ऑटो प्रकारचं, म्हणजे दाब आपोआप कमी-जास्त करणारं, सीपॅप घसा उघडा ठेवायला किती दाब लागला याची नोंद ठेवतं. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. जेवढा जास्त दाब लागतो तेवढा घसा मिटण्याचा जोर जास्त, आणि तेवढी प्लेट कमी पडण्याची शक्यता जास्त. २०१० साली जपानमधल्या अभ्यासात ही सीमारेषा १०.५च्या आसपास निघाली, तर २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांमध्ये १३च्या. दोन देशांत आकडा वेगळा आला, म्हणून त्याला कायदा मानू नका. पण ७-८ वर भागत होतं की १५ लागत होते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मास्क खूप गळत असेल तर नोंद फसवी असते, म्हणून बरा बसलेल्या रात्रींचाच आकडा धरा. जे मशीन वाया गेलं असं तुम्हाला वाटतंय, त्यानं ही माहिती गोळा करून ठेवलेली आहे. विकण्याआधी ती काढून घ्या.

बाकीच्या खुणा तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्या असतील: वय कमी, वजन आणि मानेचा घेर कमी, आजार सौम्य किंवा मध्यम, खालचा जबडा जरा मागे. या असतील तर पारडं प्लेटकडे झुकतं. स्त्रियांमध्ये यश थोडं जास्त दिसतं. २२ हा एएचआय १५ ते ३० या मध्यम पट्ट्यात येतो, तेही बाजूनंच आहे. पण यातली कुठलीही एकच खूण धरून निकाल देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बाजूनं काढलेल्या चेहऱ्याच्या एक्स-रेवर रेषा मारून छातीठोकपणे ‘होणारच’ म्हणणाऱ्यावर तर नाहीच. एक्स-रे जागेपणी, बसून किंवा उभं राहून काढतात. मिस्टरांचा घसा मिटतो तो झोपेत, आडवं असताना.

प्लेट काम कशी करते ते कळलं की हे लक्षात येईल. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असतो. जबडा पुढे आला की जीभ त्याच्याबरोबर पुढे येते. पण एमआरआयमध्ये दिसलं ते असं की वाट जास्त रुंदावते ती टाळूच्या मागे, आणि तीही दोन्ही बाजूंनी. म्हणजे घशाच्या कडेच्या भिंतींवर ताण आला पाहिजे. तो कुणाच्या घशात किती येईल हे तोंड उघडून टॉर्च मारून दिसत नाही.

म्हणूनच शक्य असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून औषधानं झोप आणून केलेली एंडोस्कोपी विचारात घ्या. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा नेमका कुठे मिटतो ते पाहतात. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या गटानं यावर बरंच काम केलं आहे. मिटण्याची जागा जिभेच्या मुळाशी असेल तर प्लेटला यश येण्याची शक्यता जास्त. टाळूपाशी सगळीकडून गोल आवळल्यासारखा घसा मिटत असेल, किंवा कडेच्या भिंती आत येत असतील, तर कमी. त्याच वेळी डॉक्टर जबडा पुढे घेऊन पाहतात. तो हळू, प्लेट जितका पुढे आणणार आहे तितकाच घ्यायला हवा. हातानं जोरात ओढला तर कुणाचाही घसा उघडतो, त्यावरून काही ठरत नाही.

याहून थेट चाचणीही आहे. २०१३ साली कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधकांनी स्लीप स्टडी चालू असताना झोपलेल्या ६७ जणांचा जबडा दातांवर बसवलेल्या तात्पुरत्या ट्रेच्या मदतीनं मोटरनं हळूहळू पुढे सरकवला आणि श्वास कुठे सुरळीत होतो ते पाहिलं. ‘या रुग्णाला फायदा होईल’ असं चाचणी म्हणाली तेव्हा ते दहात नऊहून जास्त वेळा खरं ठरलं. मला हाच मार्ग सर्वात पटतो. तरी काही जणांचा घसा उघडूनही आजार राहतो, कारण त्यांच्या मेंदूचं श्वासावरचं नियंत्रण फार संवेदनशील असतं, थोड्या बदलालाही ते अति प्रतिसाद देतं.

एक कळकळीची विनंती. गरम पाण्यात मऊ करून चावायची तयार प्लेट मागवून ‘आधी करून बघू’ असं करू नका. अँटवर्पमध्येच २००८ साली दोन्ही प्रकार त्याच रुग्णांवर तपासले. मापाची प्लेट ६० टक्के लोकांत यशस्वी झाली, तयार प्लेट ३१ टक्क्यांत. शिवाय तयार प्लेट अपयशी ठरलेल्या बऱ्याच जणांना मापाची लागू पडली. म्हणजे चाचणी म्हणूनही ती कामाची नाही. ती सुटते, टोचते, आणि चांगला उमेदवार ‘मला हे जमत नाही’ म्हणून कायमचा बाजूला होतो.

आता माझ्या खुर्चीवरचं. प्लेटला धरायला दोन्ही जबड्यांत पुरेसे भक्कम दात लागतात, वर आठ-दहा आणि खाली आठ-दहा तरी. हलणारे दात, सुजलेल्या हिरड्या असतील तर आधी ते उपचार. जबडा पुढे किती येतो ते मी मोजते. पाच मिलिमीटरसुद्धा येत नसेल तर हातात फारसं काही उरत नाही. आणि कृपा करून तंबाखू-गुटख्याबद्दल खरं सांगा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी गालाच्या आतली त्वचा कडक होऊन दोन बोटंही तोंड न उघडणारे रुग्ण येतच असतात. अशा तोंडात माप घेणंच कठीण, मग प्लेट घालणं-काढणं दूरच.

प्लेट केलीत तर पहिल्या आठवड्यात निकाल लावू नका. मी जबडा जितका पुढे जाऊ शकतो त्याच्या निम्म्यावर सुरुवात करते आणि मग थोडं थोडं पुढे नेते. त्यात दोन-तीन महिने सहज जातात. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी दात नीट जुळत नाहीत, जबडा दुखतो. बहुतेकांचं हे कमी होतं. काही वर्षांत मात्र दात खरोखरच थोडे सरकू शकतात, हे आधीच माहीत असावं.

आणि घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला, असं समजू नका. घोरणं खूप कमी होऊनही ऑक्सिजन रात्रभर खाली-वर होत राहिलेले रुग्ण मी पाहिले आहेत. घरच्यांना तर वाटत असतं की सगळं छान झालं. म्हणून प्लेट स्थिर झाल्यावर ती तोंडात ठेवून दुसरी स्लीप स्टडी झालीच पाहिजे. सगळे अंदाज चुकले तरी ही चाचणी खरं सांगते. दंतवैद्यांना आजच विचारा की ही चाचणी ते करायला सांगणार आहेत का, आणि आकडा उतरला नाही तर पुढे काय करणार. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे दाखवा.

सीपॅप एएचआय जास्त उतरवतं, यात शंका नाही. पण प्लेट लोक रात्री जास्त तास वापरतात, आणि २०१३ साली सिडनीत झालेल्या तुलनेत महिन्याभरानंतर दोन्हींचा तब्येतीवरचा परिणाम जवळपास सारखा निघाला. म्हणून प्लेट ही दुय्यम गोष्ट आहे असं मानून खचू नका. तोवर मिस्टरांना उताणं झोपू देऊ नका, रात्री दारू टाळा, आणि दिवसा डुलकी येत असेल तर गाडी त्यांच्या हातात देऊ नका.

उताण्याचा आणि कुशीवरचा एएचआय, मशीनवरचा दाब आणि मानेचा घेर इथे लिहिलात तर माझा अंदाज कुठे झुकतो ते सांगेन.